आहाराच्या नोंदीचं अ‍ॅप: आधी वाटी मोजा, मग कोड लिहा

आहारतज्ज्ञ, जिम चालवणारे, शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट शोधणारे विद्यार्थी आणि घरात कुणाला मधुमेह निघाल्यावर हात शिवशिवू लागलेले संगणक अभियंते या सगळ्यांकडून एकच प्रश्न फिरून फिरून येतो. ‘खाल्लेलं नोंदवायचं एक साधं मोबाइल अ‍ॅप करायचंय, सुरुवात कुठून करू?’ पाठोपाठ उपप्रश्नही ठरलेलेच. फ्लटर शिकू की रिअ‍ॅक्ट नेटिव्ह? कॅलरींचे आकडे कुठून घेऊ? सरकारी परवानगी लागते का? फोटो काढला की कॅलरी सांगणारं काही बसवता येईल का?

यातला पहिला उपप्रश्न सगळ्यांत कमी महत्त्वाचा आहे. अशा अ‍ॅपचा कोड अवघड नसतो. चार स्क्रीन आणि चार तक्ते यांत ते मावतं. अडतं ते दुसरीकडेच. तुमच्या घरच्या बशीत किती पोहे मावतात, फोडणीत तेल किती पडलं, ‘एक वाटी वरण’ म्हणजे नक्की काय, याची उत्तरं कुठल्याही प्रोग्रामिंग भाषेत मिळत नाहीत. म्हणून खालचा क्रम मुद्दाम उलटा ठेवला आहे: स्वयंपाकघर आधी, कोड नंतर, कायदा शेवटी. मात्र कायद्याचा भाग गाळून पुढे जाऊ नका.

नोंद कशासाठी, हे एका वाक्यात लिहा

‘सगळी पोषणमूल्यं दाखवणारं अ‍ॅप’ हे उद्दिष्ट नाही. ती हौस आहे. नोंद पाहून वापरणाऱ्याने उद्या काय बदलायचं, ते आधी ठरवा. त्यावरून स्क्रीनवर कोणते आकडे हवेत ते आपोआप ठरतं.

- वजन कमी करायचं असेल तर एकूण कॅलरी आणि प्रथिनं पुरेत.
- मधुमेह असेल तर कर्बोदकं आणि खाण्याची वेळ. दिवसाच्या बेरजेपेक्षा एका जेवणात किती गेलं, हे इथे जास्त कामाचं.
- व्यायाम करणाऱ्यांना प्रथिनं मोजायची असतात. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीत निरोगी प्रौढांसाठी दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनं धरली आहेत. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना हा आकडा लावू नका.
- रक्तदाब असेल तर मीठ. इथे पदार्थवार नोंद जवळजवळ निरुपयोगी ठरते. आमटीत हाताने टाकलेलं मीठ कुणी मोजत नाही आणि लोणच्याची फोड कुणी नोंदवत नाही.

मिठासाठी एक सोपी युक्ती आहे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते. चौघांच्या घरात हे झाले दिवसाचे २० ग्रॅम, म्हणजे एक किलोचा पुडा निदान ५० दिवस पुरायला हवा. तेव्हा अ‍ॅपमध्ये पुडा फोडल्याची आणि संपल्याची तारीख, एवढ्या दोनच नोंदी ठेवा. वेफर्स, फरसाण आणि बाहेरचं जेवण यात येत नाही, हे मात्र त्याच स्क्रीनवर लिहा.

एक गोष्ट स्वतःला प्रामाणिकपणे विचारा: नवं अ‍ॅप खरंच हवं आहे का? हेल्दीफायमी आणि मायफिटनेसपाल यांच्याकडे पदार्थांच्या भल्यामोठ्या याद्या आहेत. राष्ट्रीय पोषण संस्थेनेही ‘न्यूट्रिफाय इंडिया नाउ’ हे अ‍ॅप काढलं होतं. त्यात तुमचं भागत असेल तर तेच वापरा. नव्या अ‍ॅपला अर्थ आहे तो कुळथाचं पिठलं, शेंगोळे, भगर असे आपले पदार्थ धड सापडत नसतील, संपूर्ण मराठीत हवं असेल किंवा माहिती फोनबाहेर जाऊच नये असं वाटत असेल तर.

पदार्थांचे आकडे कुठून घ्यायचे

इंटरनेटवर ‘एका वडापावात किती कॅलरी’ असं शोधून दिसेल तो आकडा उचलणं, ही सर्रास होणारी चूक. विश्वासाचे स्रोत मोजके आहेत.

इंडियन फूड कॉम्पोझिशन टेबल्स, २०१७. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा हा ग्रंथ. देशाचे सहा विभाग पाडून नमुने गोळा केले आणि ५२८ खाद्यपदार्थ तपासले. ज्वारी, नाचणी, मटकी, कुळीथ, शेपू, बांगडा यांसाठी याहून चांगला आधार नाही. वापरताना तीन ठिकाणी पाय घसरतो:

१. यात प्रामुख्याने कच्चे घटक आहेत. थालीपीठ सापडणार नाही, त्यातली पिठं सापडतील.
२. ऊर्जा किलोज्यूलमध्ये दिली आहे. किलोकॅलरी हव्या असतील तर ४.१८४ ने भागा. हा भागाकार विसरलेलं अ‍ॅप भाकरीला चौपट कॅलरी दाखवतं, आणि वापरणारा भाकरी सोडून देतो!
३. आकडे खाण्याजोग्या १०० ग्रॅम भागाचे आहेत, म्हणजे केळं सालीशिवाय आणि मासा काट्यांशिवाय.

अमेरिकी कृषी खात्याचं ‘फूडडेटा सेंट्रल’. ही माहिती सर्वांसाठी खुली आहे, व्यावसायिक वापरालाही आडकाठी नाही. मोफत ‘एपीआय की’ (डिजिटल किल्ली) घेतली, तर अ‍ॅपमधून थेट विचारणा करता येते. मर्यादा तासाला १००० विनंत्यांची. पण अन्न तिथलं आहे, हे विसरू नका. तिथे ‘दूध’ म्हणजे गायीचं. आपल्याकडे गायीच्या १०० ग्रॅम दुधाला ७० च्या आसपास कॅलरी धरल्या, तर म्हशीच्या दुधाच्या शंभराच्या वर जातात. दिवसातून तीनदा चहा घेणाऱ्या घरात हा फरक दुर्लक्ष करण्यासारखा नाही.

ओपन फूड फॅक्ट्स. पाकीटबंद पदार्थांचा हा मुक्त साठा २०१२ मध्ये फ्रान्समध्ये सुरू झाला. स्वयंसेवक तो भरतात. बारकोड वाचून पदार्थ ओळखायचा असेल तर हाच घ्या. मात्र त्याचा परवाना अटींसकट येतो: श्रेय द्यावं लागतं, आणि तुमची भर घातलेला साठा लोकांपुढे आणला तर तोही त्याच अटींवर खुला ठेवावा लागतो. आपली मेहनतीने केलेली यादी खुली करायची नसेल, तर दोन्ही साठे एकत्र कालवू नका, वेगळे ठेवा.

पाकिटावरची लेबलं. कंपनीने छापलेला आकडा स्वतः टिपून घेणं कधीही उत्तम. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबल नियमांमुळे ऊर्जा, प्रथिनं, कर्बोदकं, एकूण आणि वरून घातलेली साखर, स्निग्धांश, सोडियम हे सगळं तिथे सापडतं. १०० ग्रॅमचा रकाना घ्या, ‘प्रति सर्व्हिंग’चा नको. सर्व्हिंग किती ग्रॅमचं हे कंपनी ठरवते, आणि दोन बिस्किटांवर थांबणारा माणूस विरळा.

आकडे वापरण्याच्या हक्काबद्दल एवढं लक्षात ठेवा: वस्तुस्थितीवर कुणाची मालकी नसते, पण तिच्या संकलनावर असू शकते. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ मध्ये संगणकीय डेटाबेसही साहित्यकृतीच्या व्याख्येत येतात. तेव्हा हैदराबादच्या ग्रंथातले तक्ते सरसकट अ‍ॅपमध्ये भरून विकायचे असतील, तर आधी संस्थेला लिहून परवानगी मागा. स्वतःच्या घरापुरत्या साठसत्तर पदार्थांसाठी कुणी अडवायला येणार नाही. दुसऱ्या अ‍ॅपची यादी प्रोग्राम लावून उपसून घेणं मात्र पूर्ण टाळा. त्यात त्यांच्या चुकाही आयत्या येतात.

कृतीपासून कॅलरीपर्यंत: पोह्यांचं गणित

सगळ्या अ‍ॅपचा कणा हाच भाग आहे, म्हणून इथे थोडं थांबू.

रीत अशी: कच्चे घटक तोलून घ्या, त्यांच्या कॅलरींची बेरीज करा, शिजल्यावर सगळा पदार्थ तोला आणि भागाकार करा. चौघांसाठी केलेल्या कांदेपोह्यांचे ढोबळ आकडे पाहा.

- पोहे २०० ग्रॅम: सुमारे ७१०
- शेंगदाणे ४० ग्रॅम: सुमारे २१०
- तेल ३० ग्रॅम: २७०
- कांदा १५० ग्रॅम: सुमारे ७०

एकूण १२६० किलोकॅलरी. तयार पोहे कढईसकट तोलले आणि कढईचं वजन वजा केलं, तर समजा ६०० ग्रॅम भरले. म्हणजे १०० ग्रॅमला २१०, आणि १५० ग्रॅमच्या बशीला ३१५.

आता यातली मेख पाहा. तेल ३० ऐवजी ४५ ग्रॅम पडलं, तर बशीमागे साधारण ३५ कॅलरी वाढल्या. वरून मूठभर ओलं खोबरं भुरभुरलं, तर एकूणात आणखी शंभरेक. पोहे दहा ग्रॅम इकडेतिकडे झाले तर एवढं बिघडत नाही. म्हणजे वेळ घालवायचा तो तेल, तूप, दाण्याचं कूट, खोबरं आणि साखर या पाच गोष्टी नीट मोजण्यात. कोथिंबीर, कढीपत्ता, मिरची, हळद यांच्या नोंदीची सक्ती केलीत, तर आठवडाभरात लोक अ‍ॅप काढून टाकतील.

वरण आणि आमटीलाही हीच रीत लागू पडते, कारण पाणी किती घातलं याचा निकाल शेवटच्या वजनात लागतो. एका घरचं वरण घट्ट, दुसऱ्या घरचं पळीपंधरं; ‘वरण, एक वाटी’ असा एकच आकडा दोघांना चालणार नाही. डिजिटल काटा घ्या. रोजची कढई, कुकरचे डबे, पातेली रिकामी असताना एकदा तोलून ठेवा आणि वजन कायमस्वरूपी मार्करने बुडाच्या कडेला लिहा. घासून पुसट झालं की पुन्हा लिहावं लागतं. म्हणून हीच वजनं अ‍ॅपमध्ये ‘भांडी’ या यादीत ठेवलीत तर वजाबाकी आपोआप होते. तयार अ‍ॅपमध्ये ही सोय सहसा नसते आणि स्वयंपाक करणाऱ्याला ती सगळ्यांत जास्त आवडते.

कच्चं आणि शिजलेलं या दोन्ही नोंदी नावातच वेगळ्या करा. १०० ग्रॅम तांदळाला साडेतीनशेच्या आसपास कॅलरी असतात, तर १०० ग्रॅम भाताला १३० च्या आसपास. यादीत ‘तांदूळ’ आणि ‘भात’ शेजारीशेजारी असले आणि बोट चुकलं, तर हिशेब जवळजवळ तिप्पट होतो. ‘तांदूळ (कच्चा)’ असं ठसठशीत लिहा, आणि जेवण नोंदवताना कच्चे घटक यादीत दाखवूच नका. ते फक्त कृती भरण्याच्या स्क्रीनवर असू द्या.

वाटी, चमचा आणि भाकरी

ग्रॅममध्ये कुणी जेवत नाही. म्हणून प्रत्येक पदार्थाला घरगुती मापं जोडावी लागतात, आणि ती मापं वापरणाऱ्याला बदलता आली पाहिजेत. पहिल्यांदा अ‍ॅप उघडल्यावर पाच मिनिटांची ‘माझी मापं’ अशी पायरी ठेवा:

- रोजची वाटी पाण्याने भरून तोला आणि रिकाम्या वाटीचं वजन वजा करा. पाण्याचा एक मिलिलिटर म्हणजे एक ग्रॅम, त्यामुळे वाटीचं आकारमान लगेच कळतं.
- तेलाच्या बरणीतला चमचा किंवा पळी तशीच मोजा. हा चमचा बहुतेक घरांत प्रमाणित ५ मिलिलिटरचा नसतो.
- भाकरी आणि पोळी तोलू नका. पीठ तोला. एका वेळच्या पिठाला किती भाकऱ्या झाल्या, एवढंच विचारा. ज्वारीच्या ५० ग्रॅम पिठाची भाकरी साधारण १६५ ते १७० कॅलरींची. पोळीला लावलेलं तेल वेगळं धरा.

मेसचा डबा खाणाऱ्यांना यातलं काहीच करता येत नाही. त्यांच्यासाठी प्रत्येक नोंदीवर ‘अंदाज’ अशी खूण ठेवा आणि दिवसाच्या बेरजेखाली किती नोंदी अंदाजाच्या आहेत ते दाखवा. खोट्या अचूकतेपेक्षा हे बरं. १८४७ असा आकडा दाखवण्याऐवजी ‘सुमारे १८५०’ दाखवणंही त्याच कारणासाठी.

फोटोवरून कॅलरी ओळखण्याबद्दल: करता येतं, पण पहिल्या आवृत्तीत नको. वांग्याच्या भरीतात तेल एक चमचा आहे की चार, हे कॅमेऱ्याला दिसत नाही, आणि फरक तर तिथेच पडतो.

मराठीत शोधता आलं पाहिजे

अ‍ॅपवर लोक वैतागतात ते इथे. एकाच पदार्थाला पोळी, चपाती, फुलका म्हणतात. नाचणीला नागली, कुळथाला हुलगे, वरीला भगर. शिवाय निम्मे लोक रोमन लिपीत टाइप करतात, तेही आपापल्या स्पेलिंगने. उपाय साधा आहे: प्रत्येक पदार्थाला ‘पर्यायी नावं’ असा रकाना द्या, रोमन रूपंही त्यातच भरा आणि शोध त्या सगळ्यांत घ्या.

प्रोग्रामरसाठी तीन सूचना:

- शोधताना ऱ्हस्व-दीर्घ सारखंच माना. ‘आमटि’ लिहिणाऱ्याला आमटी मिळालीच पाहिजे.
- ‘पुऱ्या’, ‘भाकऱ्या’ यांतलं ऱ्य युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिलं जातं: नुक्त्याच्या ऱ ला हलन्त जोडून, किंवा साधा र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह असं. दिसायला दोन्ही सारखी, यंत्राला मात्र वेगळी. शोधण्याआधी दोन्ही एका रूपात आणा.
- देवनागरी १२३ आणि इंग्रजी 123 असे दोन्ही अंक स्वीकारा. मराठी कीबोर्डवरून देवनागरी आकडे आले की कोलमडणारी अ‍ॅप कमी नाहीत.

चार तक्ते, चार स्क्रीन

तक्ते असे: *पदार्थ* (नाव, पर्यायी नावं, १०० ग्रॅमची मूल्यं, स्रोत), *मापं* (कोणत्या पदार्थाची एक वाटी किंवा एक नग म्हणजे किती ग्रॅम; रिकाम्या भांड्यांची वजनंही इथेच), *कृती* (घटक, त्यांचं वजन, तयार पदार्थाचं वजन) आणि *नोंदी* (तारीख, वेळ, पदार्थ, ग्रॅम).

नोंदींच्या तक्त्यात त्या वेळची कॅलरी आणि प्रथिनंही साठवून ठेवा. नुसता पदार्थाचा क्रमांक ठेवलात, तर उद्या तुम्ही भाकरीचा आकडा दुरुस्त केलात की मागच्या सहा महिन्यांचा हिशेब गुपचूप बदलतो.

स्क्रीन: आजचा दिवस, नोंद करा, माझ्या कृती, मागचे दिवस. ‘नोंद करा’वर शोधाच्या चौकटीआधी नेहमीचे पदार्थ दाखवा, कारण माणसं आलटूनपालटून तेच पंधरावीस पदार्थ खातात. ‘कालचाच नाश्ता’ असं एक बटण ठेवा. उपवासाची यादी वेगळी द्या: साबुदाण्याची खिचडी, भगर, दाण्याची आमटी, रताळं. एकादशीला आणि नवरात्रात तिचा उपयोग कळतो. दिवस मध्यरात्री बारा वाजता बदलू नका, पहाटे चारला बदला. रात्री साडेबाराला प्यायलेलं दूध लोकांच्या लेखी ‘आजचंच’ असतं.

लाल रंग, रडके चेहरे, ‘तुम्ही मर्यादा ओलांडलीत’ असे टोमणे नकोत. खाण्याचं दडपण घेणाऱ्या किशोरवयीन मुलींना अशा गोष्टींचा त्रास होतो. दिवसाचं लक्ष्य कितीही खाली नेता येईल अशी सोयही ठेवू नका. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यात बैठं काम करणाऱ्या ५५ किलोच्या स्त्रीसाठी १६६० आणि ६५ किलोच्या पुरुषासाठी २११० किलोकॅलरी धरल्या आहेत. कुणी ८०० चं लक्ष्य टाकलं, तर अ‍ॅपने ते स्वीकारू नये आणि आहारतज्ज्ञांशी बोलायला सांगावं.

कशात बांधायचं

- कोडिंग येत नाही, वापरणारे दहा-पंधरा जण: गुगल शीट आणि त्यावर अ‍ॅपशीट. दोन-तीन संध्याकाळी पुरतात. बहुतेक आहारतज्ज्ञांनी इथेच थांबावं, असं माझं स्पष्ट मत आहे.
- शिकायची हौस आहे: एमआयटी अ‍ॅप इन्व्हेंटर. ठोकळे जोडून अँड्रॉइड अ‍ॅप होतं. शाळा-कॉलेजच्या प्रोजेक्टला उत्तम.
- वेब येतं: फोनच्या मुख्य स्क्रीनवर ठेवता येणारं वेब-अ‍ॅप. स्टोअरची दगदग नाही.
- खरंच बाजारात उतरायचंय: फ्लटर किंवा रिअ‍ॅक्ट नेटिव्ह. जे आधी येत असेल ते.

कोणताही मार्ग घ्या, पण पदार्थांची यादी आधी शीटमध्ये भरा. पन्नास पदार्थ आणि त्यांची मापं भरून, आठवडाभर त्याच शीटमध्ये स्वतःचं जेवण नोंदवून पाहा. जी गोष्ट शीटमध्ये भरायला तुम्हालाच कंटाळा येतो, ती अ‍ॅपमध्येही कुणी भरणार नाही. शेवटच्या दोन मार्गांनी गेलात तर नोंदी फोनमध्येच, एसक्यूलाइटसारख्या साठ्यात ठेवा. नेट नसलं तरी चालतं, सर्व्हरचा खर्च वाचतो आणि पुढच्या कायदेशीर भानगडी निम्म्या होतात.

दुसऱ्याकडून करून घेत असाल तर

‘पैसे मी दिले, म्हणजे अ‍ॅप माझं’ असं समजू नका. कॉपीराइट कायद्यानुसार पगारी नोकराने नोकरीत लिहिलेला कोड सामान्यतः मालकाचा होतो, पण बाहेरच्या माणसाने कंत्राटावर लिहिलेल्या कोडची पहिली मालकी त्याचीच राहते, लेखी हस्तांतर होईपर्यंत. हस्तांतरपत्रात मुदत लिहिली नाही तर ते पाच वर्षांचं आणि प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरतं मानलं जातं. तेव्हा करारात हे मुद्दे हवेतच:

- कोडचं कायमस्वरूपी आणि जगभरासाठी हस्तांतर
- प्ले स्टोअरचं खातं तुमच्या नावावर. अ‍ॅपवर सही करायची डिजिटल की तुमच्या ताब्यात
- मूळ कोड प्रत्येक हप्त्याबरोबर, शेवटी एकदम नाही
- पदार्थांची यादी आणि कृती तुमच्या, असा स्पष्ट उल्लेख
- एक वर्षाची दुरुस्ती आणि तिचा दर

लोकांची माहिती: तुमची जबाबदारी

स्वतःच्या घरापुरतं अ‍ॅप केलं असेल तर डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ तुम्हाला लागू होत नाही. वैयक्तिक आणि घरगुती वापर त्यातून वगळला आहे. दहा ग्राहकांच्या नोंदी तुमच्या शीटमध्ये येऊ लागल्या की चित्र बदलतं. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, त्यांतल्या बहुतेक जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होतात. आत्तापासून तयारी ठेवा:

- कोणती माहिती, कशासाठी घेता हे सोप्या भाषेत सांगून संमती घ्या. ही सूचना मराठीत वाचायचा पर्याय मिळणं हा वापरणाऱ्याचा हक्क आहे.
- संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती मागे घेणंही सोपं हवं.
- माहिती पाहण्याचा, दुरुस्त करण्याचा आणि पुसून टाकण्याचा हक्क वापरणाऱ्याला आहे. त्याची बटणं पहिल्याच आवृत्तीत द्या.
- १८ वर्षांखालच्यांसाठी पालकांची पडताळलेली संमती लागते आणि त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवता येत नाहीत. शाळकरी मुलांचं अ‍ॅप करायचा विचार असेल तर आधी वकिलाशी बोला.

जी माहिती गोळाच केली नाही ती फुटत नाही. २०१८ मध्ये मायफिटनेसपालच्या सुमारे १५ कोटी खात्यांची माहिती चोरीला गेली, आणि ती तर मोठ्या कंपनीच्या ताब्यात होती. फोन नंबर, जन्मतारीख, ठिकाण यांची गरज नसेल तर विचारू नका.

दावे करताना

नुसती नोंद आणि बेरीज करणाऱ्या अ‍ॅपला सहसा आरोग्य खात्याची परवानगी लागत नाही. पण १ एप्रिल २०२० पासून रोगाचं निदान, देखरेख किंवा उपचार यांसाठीचं सॉफ्टवेअरही वैद्यकीय उपकरणाच्या व्याख्येत येतं. ‘इतकी कर्बोदकं खाल्लीत, इतकं इन्सुलिन घ्या’ असं सांगणारं अ‍ॅप त्या रेषेपलीकडे गेलं. जाहिरातीतही जपून. १९५४ च्या जादुई उपाय व आक्षेपार्ह जाहिरातविषयक कायद्याच्या यादीत मधुमेह आणि लठ्ठपणा दोन्ही आहेत. ‘मधुमेह मुळापासून बरा करा’ ही ओळ महागात पडू शकते.

प्ले स्टोअरवर जाताना

नोंदणी एकदाच, २५ डॉलर. अ‍ॅपलकडे दरवर्षी ९९ डॉलर, शिवाय मॅक संगणक लागतो. सुरुवात अँड्रॉइडवरच करा. नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्यांना अ‍ॅप सर्वांसाठी खुलं करण्याआधी निदान १२ जणांकडून सलग १४ दिवस बंद चाचणी करून घ्यावी लागते. गोपनीयता धोरणाचा दुवा, डेटा सुरक्षेचा तक्ता आणि आरोग्य-अ‍ॅपचं घोषणापत्र हे तिन्ही भरायचं असतं. अ‍ॅपमध्ये खातं उघडता येत असेल तर ते अ‍ॅपमधून आणि वेबवरूनही काढून टाकता आलं पाहिजे.

चाचणीचे १२ जण गोळा करताना मित्रांचा व्हॉट्सअ‍ॅप गट पुढे करू नका. त्यात रोज स्वयंपाक करणाऱ्या निदान चार जणी किंवा चार जण घ्या, एक मेसवर जेवणारा, एक उपवास करणारं ज्येष्ठ माणूस आणि एक मासे खाणारं घर घ्या. चौदा दिवसांत त्यांनी शोधून न सापडलेल्या पदार्थांची यादी अ‍ॅपमध्ये आपोआप साठू द्या. पुढच्या आवृत्तीत काय भरायचं, ते त्या यादीवरून ठरवा.